कोरल की इलस्ट्रेटर? आधी तुझी फाइल कुठं छापली जाणार ते बघ

प्रश्न अहमदपूरहून आलाय. पोरानं थोडक्यात असं विचारलंय: "काका, मोठ्या भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथंच एक कॉम्प्युटर टाकून लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानाच्या पाट्या, लोगो, पॅकिंग अशी कामं सुरू करायचीत. क्लासवाले म्हणतात, कोरलचा जमाना गेला, इलस्ट्रेटरच शिक. फ्लेक्सवाला म्हणतो, कोरलची फाइल आणली तरच घेईन. मित्र म्हणतो, इंकस्केप फुकट मिळतंय तर पैसे कशाला घालतोस. खरं काय?"

तिघंही आपापल्या जागेवरून बरोबरच बोलतायत. क्लासवाल्याला पुण्यातली नोकरी दिसते, फ्लेक्सवाल्याला त्याचं मशीन दिसतं आणि मित्राला तुझा खिसा दिसतो. मी लातुरात, गंजगोलाईच्या मागं, पंचवीस वर्षांहून जास्त काळ हेच काम करतोय. मला विचारशील तर सॉफ्टवेअरकडं आधी बघूच नकोस. तुझी फाइल शेवटी कोणत्या मशीनवर जाणार आणि त्यावर मराठी किती असणार, एवढं ठरव. निवड त्यातून होते.

कोरल (पूर्ण नाव कोरलड्रॉ), इलस्ट्रेटर आणि इंकस्केप ही तिन्ही डिझाइनची सॉफ्टवेअर मुळात एकच काम करतात. बिंदू ठेवायचे आणि दोन बिंदूंमधली वक्ररेषा गणितानं धरून ठेवायची. म्हणून तीच आकृती व्हिजिटिंग कार्डावरही टोकदार दिसते आणि चाळीस फुटी होर्डिंगवरही. या रेषेला बेझिए कर्व्ह म्हणतात. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांनी गाड्यांचे पत्रे आखताना ही रेषा वापरात आणली. पेन टूलवर एकदा हात बसला की कोरलमधून इलस्ट्रेटरमध्ये जायला दोन-तीन आठवडे पुरतात. त्यामुळं ही काही साता जन्माची गाठ नाही. फाइलींचा साठा मात्र एका सॉफ्टवेअरमध्ये वाढत गेला की तो हलवणं जड जातं.

आता आपल्याकडं कोरलच का रुजलं ते सांगतो, कारण तुझ्या फ्लेक्सवाल्याचा हट्ट तिथून येतो. इलस्ट्रेटर १९८७ साली आलं ते ॲपलच्या मॅकिंटॉशवर. कोरलड्रॉ १९८९ साली आलं ते विंडोजवर. जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला, मॅक कुणाकडं होता? सगळीकडं जोडणीचे विंडोज कॉम्प्युटर. दुसरं कारण मराठीचं. श्रीलिपी, आयएसएमसारखे त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवायचे. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय, पडद्यावर दिसायचं मराठी. अशा फॉन्टला सॉफ्टवेअरकडून मराठीची कसलीच समज लागत नव्हती, म्हणून कोरलमध्ये ते बिनतक्रार चालले. नांदेड असो, परभणी असो की बीड, डीटीपीचा सगळा धंदा या जोडीवर उभा राहिला. पत्रिकांची तयार चित्रं, गणपती, तोरणं, कडा, सगळं कोरलच्या सीडीआर फाइलींत साठत गेलं. तुझ्या भावाच्या ओळखीतल्या कुणाकडंही जा, असा साठा निघेल.

पण आज तू सुरुवात करतोयस तर युनिकोडमध्येच लिही, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असणाऱ्या पद्धतीत. जुन्या फॉन्टमधला मजकूर गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवला तर इंग्रजी कचरा दिसतो, फाइलीत शोधता येत नाही, आणि तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की पान वाया. गिऱ्हाईक हल्ली मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्येच पाठवतं. जुन्या फॉन्टसाठी तो पुन्हा टाइप करण्यात वेळ जातो आणि चुका शिरतात.

युनिकोड म्हटलं की सॉफ्टवेअरची खरी परीक्षा सुरू होते. इथं सॉफ्टवेअरला जोडाक्षर जुळवता आलं पाहिजे आणि पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडं नेता आली पाहिजे. कोरलला हे २०१२ च्या एक्स ६ आवृत्तीपासून जमायला लागलं. त्याआधीच्या कोरलमध्ये युनिकोड मराठी फाटतं, आणि गावोगाव अजून तीच जुनी आवृत्ती चालू असते. इलस्ट्रेटरला जमतं, पण सांगावं लागतं: प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करायचा आणि पॅराग्राफच्या मेनूतून दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर निवडायचा. हे न केल्यामुळं "इलस्ट्रेटरमध्ये मराठी येत नाही" म्हणणारी कितीतरी पोरं मी पाहिलीत. इंकस्केपमध्ये काहीच करावं लागत नाही. टाइप केलं की मराठी बरोबर. या एका बाबतीत फुकटातलं सॉफ्टवेअर विकतच्यांच्या पुढं आहे, हे मोकळेपणानं कबूल केलं पाहिजे.

कोणतंही सॉफ्टवेअर हाती आलं की मी आधी ही ओळ टाइप करून बघतो: "शेतकऱ्यांच्या कुऱ्हाडी, दऱ्याखोऱ्या, निवडक शुद्ध तूर डाळ, वाङ्मय, लातूर." ऱ्य आणि ऱ्ह मधला चंद्रकोरीसारखा र दिसतो का? वेलांटी जागेवर आहे का? ल पाकळीचा आणि श देठाचा येतो का? मराठीचे हे ल आणि श राज्य शासनानं २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित करताना ठरवून दिलेत. बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे ल-श दाखवतात. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मोफत आहे आणि त्यात मराठी वळणच मिळतं. ठळक पाट्यांना मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू चांगले, तेही मोफत. पण त्यातले ल-श आधी तपासून घे.

ही ओळ मी का जपतो ते ऐक. बऱ्याच वर्षांपूर्वी एका डाळमिलच्या पिशवीचं काम केलं होतं. कोरलमध्ये केलं, युनिकोडमध्ये लिहिलं, आणि फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये काढून बाहेरगावच्या छपाई कारखान्याला पाठवली. मजकूर कर्व्ह केला नव्हता, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या केल्या नव्हत्या, तसाच जिवंत अक्षरांत ठेवला होता. त्यांच्याकडच्या जुन्या इलस्ट्रेटरमध्ये "निवडक" मधली वेलांटी न ओलांडून पुढं गेली. त्यांनी छपाईआधी तपासायचं प्रूफ मोबाइलवर पाठवलं. मी रंग बघितले, वजनाचा आकडा बघितला आणि होकार दिला. सिलिंडर कोरले गेले, पिशव्या छापून आल्या, आणि मिलच्या मालकानं पहिलीच पिशवी हातात घेऊन मला ते अक्षर दाखवलं. ग्रॅव्ह्युअरमध्ये, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर असतो. त्या अक्षराच्या रंगाचा सिलिंडर पुन्हा कोरायचा खर्च मी भरला. चूक माझीच होती. तेव्हापासून बाहेर जाणारी प्रत्येक फाइल कर्व्ह करूनच जाते. कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टु पाथ. आणि कर्व्ह करण्याआधीची जिवंत मजकुराची मूळ फाइल वेगळ्या नावानं ठेवायची, नाहीतर पुढच्या वर्षी भाव बदलला की सगळं पुन्हा टाइप करत बसशील.

आता मशीनकडं ये.

तुझं निम्मं काम फ्लेक्सचं असणार. वाढदिवस, दहावी-बारावीचे सत्कार, दुकानाचं उद्घाटन. यात कोरल खरंच सुटसुटीत आहे. पानाचा आकार थेट फुटांत टाकता येतो. वीस बाय दहा म्हण, तीस बाय दहा म्हण, कोरलचं पान दीडशे फुटांपर्यंत जातं. इलस्ट्रेटरचं पान कितीतरी वर्षं २२७ इंचांवर अडायचं, म्हणजे एकोणीस फूटसुद्धा पुरते नाहीत. वीस फुटी फ्लेक्ससाठी एकास दहा प्रमाणात छोटं करून काढावं लागायचं, आणि मोठं करायचं विसरलं की ऑपरेटर वैतागायचा. २०२० पासून मोठा कॅनव्हास आलाय, पण सवयी बनून गेल्या होत्या. फोटो चौकटीत बसवायला कोरलचं पॉवरक्लिप आणि इलस्ट्रेटरचा क्लिपिंग मास्क, दोन्ही एकाच कामाचे. पण चाळीस कार्यकर्त्यांचे गोल फोटो लावायचे असतात तेव्हा पॉवरक्लिपचा वेग हातालाच कळतो.

एक हिशेब कायम डोक्यात ठेव. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयनं, म्हणजे इंचाला ७२ ठिपक्यांनी, काढला तर रुंदीत १७,२८० आणि उंचीत ८,६४० ठिपके होतात. चार रंगांत ती फाइल न दाबता जवळजवळ ६०० एमबी होते. ३०० डीपीआयचा आग्रह धरणारा माणूस फ्लेक्स मशीनजवळ कधी उभा राहिलेला नसतो. फ्लेक्स लांबून बघायचा असतो.

दुसरं काम रेडियम आणि व्हिनाइल कटिंगचं. गाड्यांवरची नावं, काचेवरच्या पाट्या. इथं मराठीची एक खास अडचण आहे आणि इंग्रजी पुस्तकं-व्हिडिओंत ती तुला सापडणार नाही. आपल्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. पडद्यावर अखंड दिसतात, पण प्लॉटरचं पातं प्रत्येक अक्षर वेगळं कापतं. "तुळजाभवानी" कापायला दिलंस तर शिरोरेषेचे तुकडे तुकडे होऊन हातात येतात. म्हणून कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं एकत्र जोडून घ्यायची: कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. त्याआधी ब्रेक अपार्ट (आकृतीचे तुकडे सुटे करणं) करू नकोस, नाहीतर भ, व, ब यांच्या पोटातली भोकं भरून जातात. ॲक्रिलिकची अक्षरं लेसरवर कापायची असली, ग्लो साइन करायचा असला, तरी हाच नियम. फ्लेक्सवर अक्षरांना जाड पांढरी किनार देतानाही हेच भोवतं. न जोडता किनार दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर रेघ उमटते. वेल्ड न करता झटपट हवं असेल तर किनार भरणीच्या मागं टाकायचा पर्याय तिन्हींत आहे.

पत्रिका, बिलबुकं, हँडबिलं ऑफसेटवर जातात. इथं इंकस्केपची मर्यादा लागते. त्याचा रंगांचा सगळा विचार पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यात चालतो. चार रंगांच्या प्लेटसाठी लागणारी सीएमवायके (आकाशी, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शाई) पीडीएफ त्यातून सरळ निघत नाही. वाट आहे: चित्र इंकस्केपमध्ये करायचं, मजकूर पाथ करायचा, एसव्हीजी फाइल स्क्रायबस या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये न्यायची, तिथं रंग सीएमवायकेत बांधायचे आणि पीडीएफ काढायची. मी करून बघितलंय, जमतं. पण लग्नसराईत दिवसाला आठ पत्रिका असतील तर हा हेलपाटा परवडत नाही. कोरल आणि इलस्ट्रेटरमध्ये नवीन फाइल उघडतानाच सीएमवायके निवडायचं, आणि बारीक मजकुराचा काळा रंग फक्त के शंभर, म्हणजे एकट्या काळ्या शाईचा, ठेवायचा. तोच काळा चार रंगांचा झाला तर कागद केसभर सरकला तरी पत्रिकेतली नावं धूसर होतात, आणि मग नातेवाइकांसमोर यजमानाला खाली बघावं लागतं.

पॅकिंगचं काम माझ्या मनाच्या जवळचं आहे. आपल्या भागातला माल आता आपल्या नावानं विकला जावा असं फार वाटतं. वसमतची हळद, बोरसुरीची तूर डाळ, कास्तीची कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच, कुंथलगिरीचा खवा, यांना भौगोलिक मानांकन मिळालंय. शेतकऱ्यांचे गट, बचत गटाच्या बाया पाकिटं घेऊन दारात येतात. अशा वेळी डिझाइन साधं असलं तरी चालेल, चुकलेलं चालणार नाही. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगची तारीख, सगळं वाचता येईल एवढं मोठं हवं. बारकोड फोटोसारखा चिकटवू नकोस, रेषांचाच ठेव. कोरलमध्ये बारकोड बनवायची सोय आतच आहे, इंकस्केपच्या एक्स्टेन्शनमध्येही आहे. इलस्ट्रेटरमध्ये ती सोय बाहेरून जोडावी लागते. क्रमांक मात्र बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलेलाच हवा. ८९० नं सुरू होणारा एखादा आकडा मनानं टाकणं म्हणजे गिऱ्हाइकाला पुढं अडकवणं.

पाकीट ग्रॅव्ह्युअर किंवा फ्लेक्सोग्राफीवर (लवचीक प्लेटच्या छपाईवर) जाणार असेल तर मी इलस्ट्रेटरच वापरतो. पारदर्शक पिशवीवर आधी पांढऱ्याचा थर लागतो, त्याचा स्वतंत्र स्पॉट रंग, म्हणजे चार रंगांबाहेरची वेगळी शाई, करावा लागतो. हळदीचा तो केशरट पिवळा चार रंगांत मळकट होतो, म्हणून त्याचाही स्पॉट. कोणता रंग कुठल्या प्लेटवर जातोय हे इलस्ट्रेटरचं सेपरेशन प्रिव्ह्यू पडद्यावरच दाखवतं, आणि मोठे कारखाने त्याचीच पीडीएफ मागतात. कोरलमध्ये स्पॉट रंग होत नाहीत असं नाही, पण कारखान्याच्या टेबलावर कोरल उघडलेलं मी क्वचित बघितलंय. पॅन्टोन म्हणजे छपाईच्या रंगांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत. तिच्या रंगपुस्तकांबद्दल एक सांगून ठेवतो. २०२२ च्या अखेरीस इलस्ट्रेटरवाल्या अ‍ॅडोबीनं त्यातली बहुतेक पुस्तकं काढून घेतली, आता त्यांची वर्गणी वेगळी. छापील पॅन्टोन पंखा विकत घेणं किंवा छापखान्यातला बघून येणं जास्त खात्रीचं.

पैशाचं बोलू. इलस्ट्रेटरच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून फक्त वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबतं. म्हणून प्रत्येक कामाची पीडीएफ आणि एसव्हीजी प्रत काढून ठेवत जा. महिन्याची वर्गणी घेता येते, तेव्हा मोठं पॅकिंग काम आलं की तेवढ्यापुरती घेऊन त्याचा खर्च कोटेशनमध्येच धरायचा. कोरल किती वर्षं वापरणार याचा अंदाज बांध आणि ते घ्यायचे पर्याय अधिकृत विक्रेत्याला विचार.

क्रॅकबद्दल, म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल, तू विचारलं नाहीस, पण पेन ड्राइव्हमध्ये तुला कुणीतरी आणून देईलच. घेऊ नकोस. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमात, नक्कल केलेलं सॉफ्टवेअर माहीत असून वापरलं तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड लिहिलाय. रोजच्या धंद्यात त्याहून मोठी भीती व्हायरसची. अशा कॉपीनं माझ्या ओळखीतल्या एका पोराचा पाच वर्षांचा डेटा गेला. त्यानं दुसरी प्रत ठेवलीच नव्हती. त्याला गिऱ्हाइकांचे लोगो लोकांच्या व्हिजिटिंग कार्डांवरून पुन्हा ट्रेस करताना मी बघितलंय.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. अ‍ॅफिनिटी डिझायनर हे ब्रिटिश सॉफ्टवेअर २०२४ मध्ये कॅनव्हानं विकत घेतलं आणि २०२५ मध्ये फुकट केलं. सीएमवायके आहे, काम झपाट्यानं होतं, पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं जुळत नव्हती. वरची परीक्षेची ओळ टाकून बघ, पास झालं तर खुशाल वापर. कॅनव्हा व्हॉट्सॲपच्या शुभेच्छांना ठीक. त्यातलं तयार चिन्ह उचलून कुणाचा लोगो करू नकोस, तेच चिन्ह उद्या दुसऱ्याच्या पाटीवर दिसेल. फिग्मा वेबसाइट आणि ॲपवाल्यांचं. छपाईशी त्याचा संबंध नाही.

तर तुझ्यासाठी. आजच इंकस्केप टाक आणि दोन महिने पेन टूल घोट. लोगो, रेडियम, साधे फ्लेक्स यांना ते पुरतं. लोगो एसव्हीजीत ठेवलास तर कुठंही उघडेल. पत्रिका आणि फ्लेक्सचं काम रोज यायला लागलं की अधिकृत कोरल घे. अहमदपूर, उदगीर, लातूर या पट्ट्यात तुझा रोजचा व्यवहार त्यावरच होणार आहे. इलस्ट्रेटर शिकून ठेव, घ्यायचं ते पॅकिंगचं पहिलं काम आल्यावर. क्लासवाल्याचं म्हणणं तुला पुण्या-मुंबईत नोकरी करायची असेल तर आधी मनावर घे, कारण तिथल्या एजन्सीत इलस्ट्रेटरच विचारतात.

त्याआधी या आठवड्यात एक काम कर. तुझ्या फ्लेक्सवाल्याकडं, ऑफसेटवाल्याकडं आणि कटिंगवाल्याकडं स्वतः जा. त्यांच्या मशीनवर कोरलची कोणती आवृत्ती आहे ते वहीत लिहून घे, कारण नव्या कोरलमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही, सेव्ह करतानाच खालची आवृत्ती निवडावी लागते. कर्व्ह केलेली पीडीएफ घेशील का, असं फ्लेक्सवाल्याला विचार. बहुतेक हो म्हणेल. मग भावाच्या दुकानाची पाटी इंकस्केपमध्ये काढ, वेल्ड कर, कटिंगवाल्याकडून फूटभर रेडियममध्ये कापून घे. शिरोरेषा अखंड निघाली तर मला फोटो पाठव, तुटली तर फाइल पाठव.